टाकीतलं द्रव संपत आलं हे वेळेत कळण्यासाठी: चुंबकीय सेन्सर बसवण्याची पूर्ण कृती

कोरडा चाललेला पंप ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना या लेखाची गरज समजावून सांगावी लागणार नाही. पंपातलं मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणारा भाग) थंड राहतं ते आतून वाहणाऱ्या द्रवामुळेच. द्रव संपलं की सीलच्या दोन घासणाऱ्या कडा काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, तापून तडकतात. हीटर असलेल्या टाकीत तर याहून वाईट होतं, कारण उघडी पडलेली कॉइल स्वतः जळते आणि आजूबाजूचं प्लास्टिकही पेटवू शकते. म्हणून टाकीत किमान पातळीचा इशारा हवाच, आणि त्यासाठी चुंबकावर चालणारा फ्लोट (द्रवावर तरंगणारा तुकडा) हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. द्रव आणि विजेची तार यांचा थेट संबंधच येत नाही, मधली भिंत पार करून जातं ते फक्त चुंबकीय क्षेत्र.

पण बसवायला लागण्याआधी एक प्रश्न मनात पक्का ठेवा: हा सेन्सर मेला तर तो काय सांगेल? तार तुटली, चुंबक निखळला, पुरवठा गेला, तर समोर 'पातळी ठीक' दिसेल की 'पातळी कमी'? पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे.

आत काय घडतं

फ्लोटमध्ये एक चुंबक असतो. पातळीबरोबर फ्लोट खालीवर होतो आणि त्याच्याजवळच्या बंद नळीतला सेन्सर चुंबक जवळ आहे की लांब, एवढंच ओळखतो. हा सेन्सर दोन प्रकारचा असतो.

पहिला रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात, टोकांमध्ये केसाएवढी फट असते. चुंबक जवळ आला की पट्ट्यांची टोकं एकमेकांना ओढतात आणि परिपथ जुळतो. चुंबक दूर गेला की पट्ट्यांचा स्वतःचा ताण त्यांना वेगळं करतो. नळी पूर्ण बंद, आत बहुधा नायट्रोजन, आणि टोकांवर ऱ्होडियम किंवा रुथेनियमचा मुलामा, त्यामुळे गंज-धूळ आत पोचत नाही. बेल लॅबोरेटरीजमधल्या वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली हा स्विच शोधला आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे. मोटारीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्यात पातळी घटल्यावर दिवा लावणारी जोडणी बहुतेक वेळा हीच असते.

दुसरा हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये पाहिलेल्या परिणामावर तो चालतो: वीज वाहणाऱ्या वाहकावर आडवं चुंबकीय क्षेत्र पडलं की त्याच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. यात हलणारा भाग नाही, म्हणून झीज नाही. मात्र त्याला सतत पुरवठा लागतो आणि दोनऐवजी तीन तारा लागतात.

माझं मत सांगतो. फक्त 'कमी झालं' एवढंच कळायला हवं असेल, तर रीड स्विचचा तयार फ्लोट घ्या. टाकीला भोक पाडायचं नसेल आणि भिंतीबाहेरून पातळी ओळखायची असेल, किंवा टाकी सतत हादरणाऱ्या यंत्रावर असेल, तर हॉल सेन्सर घ्या. हादऱ्याने रीडच्या पट्ट्या क्षणभर उघडझाप करतात, हॉल सेन्सरला त्याचं काही वाटत नाही.

पायरी १: 'कमी' म्हणजे नेमकं किती

ही पायरी लोक अंदाजाने उरकतात आणि मग इशारा वाजेपर्यंत पंप हवा ओढत असतो. कागद-पेन्सिल घ्या. समजा, उभी गोल टाकी आहे, आतला व्यास ६० सें.मी. म्हणजे दर एक सें.मी. उंचीला साधारण २.८३ लिटर द्रव. पंप मिनिटाला २० लिटर ओढतो, तर पातळी साडेआठ सेकंदांत एक सें.मी. उतरते. इशारा मिळाल्यावर तीन मिनिटं हातात हवी असतील, तर ६० लिटर शिल्लक लागतील, म्हणजे सुमारे २१ सें.मी.

हे २१ सें.मी. तळापासून मोजायचे नाहीत. ते सक्शन पाइपच्या (पंपाकडे द्रव नेणाऱ्या नळीच्या) तोंडापासून मोजायचे, आणि त्यातही तोंडावर भोवरा पडून हवा ओढली जाऊ नये म्हणून थोडं द्रव राखून. तोंड तळापासून ५ सें.मी. वर असेल आणि भोवऱ्यासाठी आणखी ५ सें.मी. धरले, तर सेन्सर ३१ सें.मी. उंचीवर येईल. टाकीच्या तळाशी गाळ साचत असेल तर सेन्सर त्याच्या वर राहतोय ना, हेही इथेच पाहून घ्या.

पायरी २: द्रव, टाकी आणि फ्लोट यांचं जमतं का

फ्लोट किती बुडतो हे त्याच्या आणि द्रवाच्या घनतेच्या गुणोत्तरावर ठरतं. २० मि.मी. उंचीचा, ०.६ सरासरी घनतेचा (पाण्याची १ धरून) सरळ बाजूंचा फ्लोट पाण्यात १२ मि.मी. बुडेल. तोच ०.८४ घनतेच्या डिझेलमध्ये १४.३ मि.मी. बुडेल. फरक दोन मि.मी.चाच आहे, पण इशाऱ्याची जागा तेवढी सरकते. फ्लोटची घनता ०.८ च्या आसपास असेल तर तो डिझेलमध्ये जेमतेम तरंगतो आणि पेट्रोलमध्ये बुडूनच बसतो. दाट, चिकट द्रवात लहान फ्लोट दांड्याला चिकटून राहतो, तिथे मोठा आणि सैल बसणारा फ्लोट हवा.

फ्लोटचं साहित्यही बघा. पॉलिप्रोपिलिन पाण्याला आणि बऱ्याच सौम्य रसायनांना चालतं. गरम तेल किंवा तीव्र द्रावण असेल तर स्टेनलेस स्टीलचा फ्लोट घ्या. आतला चुंबक निओडिमियमचा असेल तर साध्या श्रेणीचा चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमची ताकद गमावू लागतो. फेराइट त्याहून खूप जास्त उष्णता सोसतो, म्हणून गरम टाकीसाठी फेराइटच बरा.

टाकीची भिंत फक्त बाहेरून सेन्सर लावतानाच महत्त्वाची ठरते. प्लास्टिक, काच, ॲल्युमिनियम यांतून स्थिर चुंबकीय क्षेत्र विनासायास जातं. ३०४ किंवा ३१६ जातीचं स्टेनलेस स्टीलही जवळजवळ अडवत नाही. साधं लोखंड मात्र क्षेत्र स्वतःतच वळवून घेतं, तिथे बाहेरून काही कळणार नाही.

पेट्रोल, स्पिरिट, थिनर अशा पेटणाऱ्या द्रवांबद्दल स्पष्टच सांगतो. या लेखातली जोडणी त्यांच्यासाठी वापरू नका. तिथे स्फोटक वायूच्या जागेसाठी प्रमाणित सेन्सर आणि ठिणगीची ऊर्जा मर्यादित ठेवणारा बॅरियर लागतो, आणि ते काम त्या विषयातल्या जाणकारानेच करायचं.

पायरी ३: कॉन्टॅक्टची दिशा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

दांड्यावरच्या फ्लोटला वर आणि खाली एकेक अडथळा असतो, बहुधा बारीक सर्कलिप (खाचेत बसणारी कडी). टाकी भरलेली असताना फ्लोट वरच्या अडथळ्याला टेकून पूर्ण बुडालेला असतो. पातळी उतरली की तो काही मि.मी. खाली येऊन खालच्या अडथळ्यावर बसतो. आपल्याला हवंय ते असं: फ्लोट वर असताना कॉन्टॅक्ट (स्विचच्या पट्ट्यांचा जोड) जुळलेला, खाली आला की उघडा. म्हणजे वीज वाहतेय तोवर सगळं ठीक, वीज थांबली की इशारा.

याचा फायदा मोजून बघा. तार तुटली, कॉन्टॅक्ट उघडला, इशारा. काचेची नळी फुटली, इशारा. चुंबक निखळून पडला, इशारा. फ्लोटला चीर जाऊन त्यात द्रव शिरलं आणि तो बुडाला, तरी इशाराच. उलट दिशेने जोडलं, तर यातली पहिली तिन्ही बिघाडं 'पातळी ठीक' म्हणून गप्प बसतील आणि पंप जळाल्यावरच उघडकीला येतील.

इथे एक फसवी गोष्ट आहे. वेष्टनावर 'नॉर्मली ओपन' किंवा 'नॉर्मली क्लोज्ड' लिहिलेलं असतं, पण 'नॉर्मल' म्हणजे फ्लोट वर की खाली, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने धरतो. त्या शब्दांवर जाऊ नका, मल्टीमीटर लावून बघा. दिशा उलटी निघाली तर बऱ्याच लहान उभ्या फ्लोटमध्ये सर्कलिप काढून फ्लोट उलटा घालता येतो, की काम झालं. भिंतीत आडवा बसणारा बिजागरीचा फ्लोट असेल, तर अख्खा सेन्सर अर्धा फेरा फिरवला की दिशा बदलते.

रीड स्विच आणि चुंबक सुटे घेऊन स्वतः बनवणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. साध्या रीड स्विचला स्मरणशक्ती नसते. चुंबक त्याच्या टप्प्यात असेपर्यंतच तो जुळलेला राहतो, पुढे सरकून गेला की उघडतो. त्यातही चुंबकाचा अक्ष रीडला समांतर असेल, तर मधल्या मोठ्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना छोटे टप्पे असतात. म्हणजे फ्लोट लांबवर मोकळा सरकू दिला तर एकाच फेरीत स्विच तीनदा जुळू शकतो. मी पहिल्यांदा बनवलेल्या फ्लोटला खालचा अडथळाच नव्हता. पातळी घटली की इशारा यायचा, आणखी घटली की जायचा. दोष तारांमध्ये शोधण्यात दोन दिवस गेले. म्हणून वरचा अडथळा असा बसवा की फ्लोट टेकलेला असताना चुंबक रीडच्या मधल्या टप्प्यात पक्का असेल, आणि खालचा असा की तिथे स्विच निःसंशय उघडा असेल, पण फ्लोट बाजूच्या टप्प्यापर्यंत पोचणार नाही.

पायरी ४: टाकीत घालण्याआधी टेबलावर चाचणी

मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (परिपथ जुळला आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवा आणि फ्लोट हाताने सावकाश वरखाली करा. वर असताना प्रतिकार तारांसह एक ओहमच्या आत यायला हवा. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर तो स्विच बाजूला ठेवा.

मग बादलीत प्रत्यक्ष वापरातलंच द्रव घेऊन, सेन्सर स्टँडला बांधून, पातळी हळूहळू उतरवा. कॉन्टॅक्ट कुठे उघडतो ते पट्टीवर खूण करा. पुन्हा भरत न्या आणि कुठे जुळतो तेही बघा. हे दहा वेळा करा. दोन खुणांमध्ये काही मि.मी. फरक असणारच, आणि तो असावाच. नाहीतर लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याला स्विच थरथरेल. दहाही वेळा उघडण्याची खूण एकाच जागी आली तर फ्लोट मोकळा फिरतोय असं समजा.

सुटा रीड स्विच हाताळताना त्याचे पाय काचेच्या अगदी जवळ वाकवू नका. चिमट्याने काचेकडची बाजू धरून, पलीकडचा भाग वाकवा. पाय फार कापले तर स्विचची संवेदनशीलताही बदलते, कारण चुंबकीय क्षेत्र गोळा करण्याचं काम तेच पाय करत असतात. सोल्डर करतानाही चिमटा लावून ठेवा म्हणजे उष्णता काचेपर्यंत जाणार नाही.

पायरी ५: बसवणी

उभा सेन्सर झाकणातून किंवा तळातून, आडवा भिंतीतून. भोक सेन्सरच्या चुड्यांच्या (आट्यांच्या) मापाचं, कडा घासून साफ. रबरी वॉशर द्रवाच्या बाजूला ठेवा, नट हाताने घट्ट करून मग पान्याने पाव फेरा. प्लास्टिकच्या चुड्या याहून जास्त सोसत नाहीत. पाणी टाकीत पडतं त्या धारेखाली फ्लोट ठेवू नका, तो सारखा नाचत राहील. तसंच लोखंडी कंस, मोटार किंवा दुसरा फ्लोट यांपासून काही सें.मी. अंतर राखा, नाहीतर क्षेत्र वाकडं होऊन इशाऱ्याची जागा हलते.

भिंतीबाहेरून हॉल सेन्सर लावायचा असेल, तर आत उभी मार्गदर्शक नळी हवी, म्हणजे फ्लोट भिंतीला लागूनच सरकेल आणि गिरकी घेणार नाही. अडथळ्यांचा नियम इथेही तोच. अंतराला अतिशय जपा, कारण चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने मरतं. १० मि.मी. व्यासाच्या, ५ मि.मी. जाडीच्या चांगल्या निओडिमियम चकतीचं क्षेत्र अक्षावर ८ मि.मी.वर साधारण ५५० गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) भरतं, १० मि.मी.वर ३५०, २० मि.मी.वर जेमतेम ७० आणि ३० मि.मी.वर २० च्या घरात. आता ए३१४४ हा प्रचलित हॉल स्विच बघा: एकाच क्रमांकाचा एखादा नग ७० गॉसला चालू होतो, तर दुसऱ्याला ३५० लागतात. म्हणजे १० मि.मी.वर तुमचा नग चालला म्हणून उद्या बदललेला नगही चालेल, असं धरता येत नाही. भिंत धरून एकूण अंतर ८ मि.मी.च्या आत ठेवा, किंवा मोठा चुंबक घ्या.

या स्विचच्या छापील बाजूला चुंबकाचा दक्षिण ध्रुव यावा लागतो. आणि 'लॅच' जातीचा हॉल सेन्सर चुकूनही घेऊ नका. तो एका ध्रुवाने चालू होतो आणि उलटा ध्रुव येईपर्यंत बंदच होत नाही, त्यामुळे फ्लोट निघून गेला तरी तो 'ठीक' म्हणत राहील.

पायरी ६: तारजोडणी

लहान रीड स्विचची क्षमता अनेकदा १० वॉटच असते, म्हणजे २४ व्होल्टला जास्तीत जास्त ०.४ अँपिअर. पंपाची मोटार या कॉन्टॅक्टमधून थेट कधीही चालवू नका. सुरुवातीच्या झटक्यात कॉन्टॅक्ट चिकटून बसेल, आणि चिकटलेला कॉन्टॅक्ट म्हणजे कायमचं 'ठीक'. आपली सगळी काळजी नेमकी त्याच्याविरुद्ध आहे. रीडमधून फक्त ५ ते २४ व्होल्टचा संदेश जाऊ द्या.

साध्यात साधी जोडणी: १२ व्होल्टचा पुरवठा, रीड स्विच आणि छोट्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल एका रांगेत. कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा जोडा, त्याची पट्टी धन टोकाकडे. तो नसेल तर कॉन्टॅक्ट उघडताना कॉइलमधून उसळणारं व्होल्टेज रीडची टोकं दर वेळी थोडी थोडी जाळतं. पातळी ठीक असताना रिले खेचलेला राहील, आणि पंपाच्या कॉन्टॅक्टरची (मोटार चालूबंद करणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल रिलेच्या 'एनओ' (नॉर्मली ओपन, रिले खेचल्यावरच जुळणाऱ्या) टोकांतून न्यायची. पुरवठा गेला की रिले सुटतो आणि पंप थांबतो.

मायक्रोकंट्रोलर वापरत असाल, तर दोन रेझिस्टर जास्त लावून बरंच काही पदरात पडतं. वरच्या मांडणीत एक दोष पकडता येत नाही: दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर 'ठीक' दिसतं. म्हणून सेन्सरच्या अगदी जवळ, टाकीपाशीच, रीडला समांतर १० किलोओहम आणि त्या जोडीच्या रांगेत १ किलोओहम लावा. कंट्रोलरच्या बाजूला ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा पुल-अप (इनपुटला पुरवठ्याकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर), आणि इनपुट ॲनालॉग. आता चार वेगवेगळी व्होल्टेज मिळतात. पातळी ठीक असेल तर सुमारे ०.८८ व्होल्ट, पातळी कमी असेल तर ३.५०, तार तुटली तर ५ आणि तारा चिकटल्या तर शून्य. १० बिटांच्या मोजणीत (० ते १०२३) ९० च्या खाली शॉर्ट, ९० ते ४५० ठीक, ४५० ते ८७० कमी आणि त्यावर तार तुटलेली, अशा सीमा ठेवा. 'ठीक' सोडून तिन्ही अवस्थांत पंप बंद. रेझिस्टर कंट्रोलरपाशी लावले तर मधल्या केबलचा दोष कळणार नाही, म्हणून जागा बदलू नका. रांगेतला १ किलोओहम लांब केबलमध्ये साठलेल्या विद्युतभाराच्या झटक्यापासून कॉन्टॅक्टलाही वाचवतो.

ए३१४४ च्या आउटपुटला पुल-अप लावला की चुंबक जवळ असताना आउटपुट शून्याकडे जातं, दूर गेल्यावर वर. तीनपैकी कुठलीही तार तुटली तरी इनपुट वरच राहतं, म्हणजे इशारा. दिशा आपोआप बरोबर येते.

जोड टाकीच्या वर, कोरड्या डब्यात ठेवा. केबल ग्लँडमधून (तिच्याभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घ्या आणि डब्याबाहेर तिला खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातील.

पायरी ७: विलंब आणि पुन्हा चालू होणं

रीड जुळताना मिलिसेकंदाच्या आतबाहेर थरथरतो. इनपुटवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर त्याला पुरतो. द्रवाचे हेलकावे मात्र सेकंदांचे असतात. पातळी सलग ५ सेकंद कमी दिसली तरच पंप थांबवा. आपल्या उदाहरणात ५ सेकंदांत पातळी ६ मि.मी. उतरते, पायरी १ मध्ये राखलेल्या साठ्यापुढे ते काहीच नाही.

पंप थांबला की पाइपमधलं द्रव परत येऊन फ्लोट उचलला जातो, पंप सुरू होतो, परत थांबतो. ही उघडझाप मोटारीला कोरडं चालण्याइतकीच मारक आहे. म्हणून एकदा इशारा आला की तो अडकून राहू द्या. माणसाने बटण दाबून सोडवावा, किंवा बऱ्याच वर बसवलेल्या दुसऱ्या फ्लोटने 'आता पुरेसं भरलं' म्हटल्यावरच सुटावा.

पायरी ८: खरी परीक्षा

बटण दाबून किंवा तार काढून केलेली चाचणी अर्धीच असते. टाकी खरोखर रिकामी करत न्या, पंप चालू ठेवा, आणि इशारा ठरवलेल्या उंचीला येतो का ते पट्टीने मोजा. त्यानंतर एकेक तार सोडवा, पुरवठा काढा, रेझिस्टरची मांडणी असेल तर तारा एकमेकींना टेकवा, आणि दर वेळी पंप थांबतो का ते पाहा.

रेझिस्टर लावलेल्या मांडणीतून निसटणारे सेन्सरचे दोनच बिघाड उरतात: वर अडकून बसलेला फ्लोट आणि चिकटलेला कॉन्टॅक्ट. दोन्ही बाहेरून 'ठीक' दिसतात आणि त्यांना कुठलाही रेझिस्टर ओळखत नाही. लोखंडी पाइप असलेल्या यंत्रणेत गंजाचे कण चुंबकाला चिकटून फ्लोट आणि दांडा यांच्यामधली फट भरत जातात. कठीण पाण्यात क्षाराचा थर तेच करतो, आणि सौम्य आम्लाने तो निघतो. स्वच्छ पाण्यात तीन महिन्यांनी आणि गढूळ द्रवात महिन्याने पातळी खाली उतरवून इशारा वाजवून बघावा. वर्षातून एकदा फ्लोट दांड्यावरून काढून पुसावा, आणि परत घालताना तो त्याच दिशेने बसला आहे का हे मल्टीमीटरने पाहावं. उलटा बसलेला फ्लोट दिसायला अगदी सारखाच असतो. मी फ्लोटच्या वरच्या बाजूला न पुसली जाणारी एक खूण कोरून ठेवतो, आणि शेवटच्या चाचणीची तारीख डब्याच्या झाकणावर आतून लिहितो.